सहा दिवस आणि देवाची प्रतिमा

सोनईच्या महाविद्यालयात विज्ञान शिकणारा ख्रिस्ती मुलगा एकाच आठवड्यात पृथ्वीची दोन वये ऐकतो. वर्गात त्याला सांगतात की आपल्या पायाखालचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे. रविवारी उपासनेत एखादा पाहुणा उपदेशक छातीठोकपणे सांगतो की सारी पृथ्वी सहा हजार वर्षांची, आणि चोवीस तासांच्या सहा दिवसांत झालेली. मुलगा दोन्हीकडे गप्प बसतो. परीक्षेत एक उत्तर लिहितो, शब्बाथशाळेत दुसरे देतो. घरी विचारले तर वडील म्हणतात, "शास्त्रात लिहिलंय ना, मग झालं." पुढे कधीतरी तो देवळात यायचा थांबतो, आणि मंडळी म्हणते की पोरगं शिकून बिघडलं.

हे पुस्तक त्या गप्प बसण्यावरून निघाले. सोनई आणि आसपासच्या गावांतले आम्ही काही जण पवित्र शास्त्रातल्या उत्पत्ती या पुस्तकाचे पहिले तीन अध्याय एकत्र वाचायला बसलो. त्यांत निवृत्त शिक्षक होते, शेतकरी होते, दोघी परिचारिका होत्या, महाविद्यालयात जाणारी मुले होती. वाचता वाचता जे टिपण झाले त्याचे हे पुस्तक. प्रस्तावना लिहिणाऱ्याने आपली बाजू आधीच सांगावी, म्हणून सांगतो. पहिला अध्याय हा जगाच्या बांधकामाचा रोजनामा आहे असे मला वाटत नाही. पण 'ते सगळे प्रतीकात्मक आहे' असे म्हणून पान उलटणाऱ्यांशीही माझे जमत नाही. या अध्यायात एक विधान असे आहे की ते आमच्या आजोबा-पणजोबांनी शब्दशः घेतले आणि त्यावर आपले आयुष्य पणाला लावले. ते विधान सहा दिवसांचे नव्हे. त्याकडे येतोच.

आधी खडकाचे बोलू, कारण ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. आमच्या भागात विहीर खोदली की आधी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. दख्खनच्या या खडकात अनेक ठिकाणी काळ्या थरांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो. एक लाव्हा वाहून थंड झाला, उघड्यावर पडला, ऊन-पावसाने कुजून त्याची माती झाली आणि मग त्या मातीवर पुढचा लाव्हा आला, असा त्याचा अर्थ भूशास्त्रज्ञ लावतात. दगडाची माती व्हायला किती काळ लागतो हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. असे थरावर थर साचत पश्चिम घाटात हजार-दीड हजार मीटर जाडीचा डोंगर उभा राहिला आहे. आणि नेवासे तर आमच्याच तालुक्याचे गाव. तिथे प्रवरेकाठी डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ पासून उत्खनन केले. नदीच्या जुन्या खडीच्या थरांत अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारे निघाली. त्यांतल्या मध्य पुराश्मयुगीन हत्यारांच्या घडणीला अभ्यासकांनी नेवाशाचेच नाव दिले. वरच्या थरांत ताम्रपाषाणयुगातली घरे, रंगीत खापरे, लहान मुलांची दफने मिळाली. तीच नेवाशाची भूमी, जिथे ज्ञानेश्वरांनी पैसाच्या खांबाला टेकून गीतेवर टीका सांगितली. सहा हजार वर्षांचा हिशेब धरायचा तर प्रवरेच्या खडीतला तो हत्यार घडवणारा माणूस जन्मलाच नव्हता असे म्हणावे लागते. मला ते म्हणता येत नाही. त्याने फोडलेला दगड हातात घेऊन पाहता येतो. कड कुठून उडवली तेही दिसते.

तो सहा हजारांचा आकडा पवित्र शास्त्रात कुठेच लिहिलेला नाही. आयर्लंडचा आर्चबिशप जेम्स अशर याने वंशावळ्यांतल्या वयांची बेरीज करून १६५० साली निर्मितीची तारीख छापली : ख्रिस्तपूर्व ४००४, ऑक्टोबरची २३. पुढे ती इंग्रजी बायबलांच्या समासात छापली जाऊ लागली आणि समासातला आकडा लोकांना वचनासारखा वाटू लागला. त्याच्या कितीतरी आधी, तिसऱ्या शतकात, ओरिगेनने विचारले होते की सूर्य, चंद्र, तारे नसताना पहिली संध्याकाळ आणि पहिली सकाळ झाली असे कोण समंजस माणूस मानील. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीनने लिहिले की देवाने सर्व एकदमच निर्माण केले आणि ते सहा दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे मानण्याचे कारण नाही. निसर्गाच्या ज्ञात गोष्टींबद्दल शास्त्राच्या नावाने काहीबाही बोलून ख्रिस्ती माणसाने शास्त्राचे हसे करू नये, असेही त्याने बजावले. तेव्हा डार्विनचा जन्म व्हायला चौदाशे वर्षे होती. सहा दिवसांकडे अशा नजरेने पाहणे ही विज्ञानापुढे पत्करलेली शरणागती आहे, हा आरोप म्हणूनच टिकत नाही.

मुळात अध्याय स्वतःच तसे वाचायला सांगतो. प्रकाश पहिल्या दिवशी, सूर्य चौथ्या दिवशी. झाडे तिसऱ्या दिवशी, म्हणजे सूर्याच्या आधी. जरा मागे सरून पाहिले की रचना दिसते : पहिले तीन दिवस जागा तयार होतात, पुढचे तीन दिवस त्या जागा भरतात. पहिल्या दिवशीच्या उजेड-अंधाराला चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र मिळतात. दुसऱ्या दिवशीच्या आकाश-पाण्याला पाचव्या दिवशी पक्षी आणि मासे. तिसऱ्या दिवशीच्या जमिनीला सहाव्या दिवशी पशू आणि माणूस. हे विणकाम आहे, आणि फार कसबी हाताचे. त्यानंतर लगेच दुसरा अध्याय वेगळाच क्रम सांगतो. तिथे माणूस आधी होतो, मग बाग, मग प्राणी, आणि शेवटी स्त्री. ज्यांनी हे दोन्ही अध्याय शेजारी शेजारी ठेवले त्यांना हा फरक दिसला नसेल काय? दिसला होता, आणि त्यांनी दोन्ही ठेवले. शिवाय अक्षरशः वाचण्याचा आग्रह धरणारेसुद्धा आकाश म्हणजे वरचे पाणी अडवून धरणारे घट्ट छत आहे असे आज मानत नाहीत. कुठेतरी प्रत्येक जण निवड करतोच.

मग आमच्याकडे हा आग्रह इतका घट्ट कसा झाला? याचे उत्तर मराठी मुलखाच्या इतिहासात आहे, आणि ते मला या साऱ्या विषयातले सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण वाटते.

मराठीत ही कथा पहिल्यांदा विस्ताराने आली ती ओवीत. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला रोमी लिपीत छापले गेले. दहा हजारांवर ओव्यांचा तो ग्रंथ जगाच्या निर्मितीपासून सुरू होतो. जुनी पुराणे हातची गेली, आता आम्ही काय वाचावे, असे नवख्रिस्ती लोक विचारत होते. त्यांच्यासाठी तो लिहिला गेला. स्टीफन्स स्वतः ही कथा घडलेला इतिहासच मानत असणार. पण त्याने ती ज्या घाटात घातली तो घाट ऐकण्याचा, गाण्याचा, रात्र जागवण्याचा होता. पुराण ऐकायला बसलेला मराठी माणूस तारीख विचारत नाही. देव कसा आहे आणि आपण कोण, हे तो ऐकत असतो.

एकोणिसाव्या शतकात वारे बदलले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले आणि १८४२ मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' सुरू केले. त्यात धर्म होता, तसाच भूगोल, खगोल, पदार्थविज्ञानही होते. मुंबईत मिशनरी डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद त्याआधीच रंगला होता. मिशनऱ्यांचे एक ठरलेले हत्यार म्हणजे पुराणांतला भूगोल : दुधाचा समुद्र कुठे आहे, मेरू पर्वत कोणी पाहिला, पृथ्वी शेषाच्या डोक्यावर आहे तर शेष कशावर? पुराणातले वाक्य वस्तुस्थितीच्या तराजूत घालायचे आणि हलके भरले की बाजूला टाकायचे. तो तराजू एकदा बाजारात आला की तो फक्त दुसऱ्याचाच माल तोलील, असे थोडेच असते. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांना त्यांच्याच शास्त्राबद्दल उलटे प्रश्न विचारले. ज्याने दुसऱ्याच्या ग्रंथाला 'हे खरोखर घडले का?' एवढा एकच प्रश्न विचारला, त्याला स्वतःच्या ग्रंथाबद्दलही 'होय, सगळे असेच घडले' असे म्हणण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. माझ्या मते आमच्या मंडळ्यांतला अक्षरशः वाचनाचा हट्ट श्रद्धेतून जेवढा आला त्याहून अधिक त्या वादाच्या फडातून आला.

सगळे मिशनरी तसे नव्हते, हेही इथेच सांगितले पाहिजे. आमच्याच तालुक्यातल्या वडाळ्याच्या ठाण्यावर सॅम्युएल फेअरबँक राहत. उपदेश, शाळा, दुष्काळातली मदत हे त्यांचे काम. आणि त्याबरोबर पक्षी, गोगलगायी, मासे यांचे नमुने गोळा करून नोंदी करणे हाही त्यांचा ध्यास. दक्षिणेत पळणीच्या डोंगरांत मिळणाऱ्या एका पक्ष्याला निसर्गशास्त्रज्ञ ब्लॅनफर्डने १८६९ मध्ये फेअरबँक यांचे नाव दिले, आणि ते शास्त्रीय नाव आजही चालते. सृष्टी देवाची आहे असे मानणारा माणूस ती बारकाईने पाहील, हे त्यांना सांगावे लागले नाही. नगरलाच पाळकांची शाळा चालवणारे रॉबर्ट ह्यूम तर १८८६ मध्ये अमेरिकेत मोठ्या वादात सापडले. सुवार्ता न ऐकताच मेलेल्या माणसांना मृत्यूनंतर संधी मिळेल का, या प्रश्नावर त्यांनी उदार मताला सहानुभूती दाखवली, म्हणून त्यांना परत पाठवावे की नाही यावर मिशनच्या मंडळात खल झाला. शेवटी ते परतले. 'माझ्या मेलेल्या बापाचे काय?' हा प्रश्न नगरच्या खेड्यांतल्या प्रत्येक नवख्रिस्ती घरात होता. ह्यूम यांनी तो ऐकला होता. आमच्या मंडळ्यांचा वारसा असा आहे. तो आज विसरला गेला आणि त्याच्या जागी मोबाइलवर हिंदी-मराठीत आवाज बसवलेली अमेरिकन व्याख्याने आली. ती ज्या विचारावर उभी आहेत त्याला आजचे रूप १९६१ मध्ये निघालेल्या 'द जेनेसिस फ्लड' या पुस्तकाने दिले. त्याआधी, १९२५ साली टेनेसीत उत्क्रांतीच्या शिक्षणावरून खटला चालला तेव्हा उत्क्रांतीच्या विरोधात उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीसुद्धा साक्षीत मान्य केले होते की ते सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही.

आता त्या विधानाकडे. सहाव्या दिवशी देव माणूस निर्माण करतो तो आपल्या प्रतिमेप्रमाणे, आणि नर व नारी दोघांनाही. ज्या काळात हे वचन नेवासे, राहुरी, संगमनेरच्या महारवाड्यांत आणि मांगवाड्यांत पोहोचले त्या काळाचा विचार करावा. माणसांच्या उत्पत्तीची एक कथा तिथल्या प्रत्येकाला आधीच माहीत होती : पुरुषाच्या मुखापासून ब्राह्मण, बाहूंपासून क्षत्रिय, मांड्यांपासून वैश्य, पायांपासून शूद्र. अस्पृश्याला तर त्या देहात जागाच नव्हती. ही कथा प्रतीकात्मक आहे असे विद्वान आज सांगतात, पण गावगाड्याने ती कधीच प्रतीक म्हणून वापरली नाही. पाणवठा कोणाचा, सावली कोणावर पडली, मेलेले ढोर कोणी ओढायचे, हे सगळे त्या कथेच्या अक्षरशः वाचनावर चालत होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त ती कथा मुद्दामच शब्दशः धरली आणि मुखातून जन्म झाला तर तिथे गर्भाशय होते काय, असे विचारून तिचा पाया काढून घेतला. मग अवतारांच्या कथा उलगडून त्यांत हरवलेला इतिहास शोधला. शब्दशः वाचणे आणि कथेच्या आड पाहणे ही दोन्ही साधने एकाच माणसाच्या हातात होती. ज्या जोतीरावांना नगरच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळेने हलवून सोडले त्यांचा 'निर्मिक' सर्वांना सारखेच निर्माण करतो, यात मला आमच्या मुलखातल्या एका मोठ्या संभाषणाचा धागा दिसतो.

लोक ख्रिस्ती का झाले, याची कारणे मिसळलेली होती. १८७६ ते ७८ चा दुष्काळ होता, पुढे शतक संपतानाचे दुष्काळ होते, धान्य होते, शाळा होती. ते लपवण्यात अर्थ नाही. पण धान्य संपल्यावरही जे राहिले ते कशासाठी राहिले? मला वाटते, एका वाक्यासाठी. तू देवाची प्रतिमा आहेस, हे त्यांना कोणी प्रतीक म्हणून समजावून सांगितले असते तर त्यांनी झोळी उचलून वाट धरली असती. त्यांनी ते अक्षरशः घेतले. म्हणून पोराला शाळेत घातले, म्हणून पोरीलाही घातले, म्हणून जोहार घालणे सोडले. मंडळीतून जात लगेच गेली नाही. महार-मांगांची पंगत एक व्हायलाही काळ गेला, आणि अजून सगळे झालेले नाही. पण जेव्हा जेव्हा कोणी त्याविरुद्ध उठले तेव्हा त्याने याच वचनावर बोट ठेवले. ज्या उपदेशकाला सहा दिवसांवर तासभर बोलता येते आणि या वचनावर पाच मिनिटेही नाही, तो शब्दशः वाचतो असे मी मानत नाही.

पहिला अध्याय कुठल्या काळी आकाराला आला, याबद्दल बहुतेक अभ्यासक बाबिलोनच्या बंदिवासाकडे बोट दाखवतात. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात यरुशलेम पडले आणि यहुदी लोक परमुलखात नेले गेले. तिथे त्यांनी जी निर्मितिकथा ऐकली असेल ती मातीच्या पाट्यांवर कोरलेली एकोणिसाव्या शतकात निनवेच्या उत्खननात सापडली, आणि जॉर्ज स्मिथने १८७६ मध्ये इंग्रजीत आणली. त्या कथेत मार्दूक देव तियामत या देवीला मारून तिच्या देहाचे दोन तुकडे करतो, त्यांतून आकाश आणि पृथ्वी घडवतो. आणि पराभूत देवाच्या रक्तातून माणूस केला जातो तो देवांची मजुरी करण्यासाठी. तिथे सूर्य, चंद्र, तारे हे दैवत होते, माणसाचे नशीब त्यांच्या हाती होते. उत्पत्तीचा लेखक या सगळ्याला एका शांत अध्यायाने उत्तर देतो. युद्ध नाही, रक्त नाही. ग्रहतारे म्हणजे टांगलेले दिवे, ऋतू मोजण्यासाठी. माणूस मजूर नव्हे.

शनिशिंगणापूर सोनईहून हाकेच्या अंतरावर आहे आणि शनिअमावास्येला आमच्या गावातून जाणारी गर्दी आम्ही लहानपणापासून पाहतो. त्या गर्दीत आमचे शेजारी असतात, मित्र असतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे आणि हे मी वादासाठी लिहीत नाही. पण ग्रहाच्या कोपाची भीती काय असते हे आम्हाला जवळून ठाऊक आहे. म्हणून चौथ्या दिवसाचे ते वर्णन इथे वाचताना जेवढे धीट वाटते तेवढे ते युरोपातल्या वाचकाला वाटत नसेल.

आणि सातवा दिवस. सहा दिवसांची सगळी रचना ज्याच्यासाठी आहे तो हा दिवस, आणि वाद घालणारे दोन्ही पक्ष नेमके त्याच्याच आधी थांबतात. निर्गमाच्या पुस्तकात शब्बाथाची आज्ञा येते ती याच सहा दिवसांचा दाखला देऊन. आणि विसावा फक्त मालकाला नाही, तर चाकराला, मोलकरणीला, परक्याला आणि गुराढोरांनाही आहे. अनुवाद या पुस्तकात हीच आज्ञा पुन्हा येते तेव्हा कारण वेगळे दिले आहे : तुम्ही मिसरात गुलाम होता. सृष्टीची घडण आणि गुलामाची सुटका ही एकाच आज्ञेची दोन कारणे आहेत. मुळा साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या शिवारात ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे तीनला नवरा-बायको फडात असतात; बाई मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकते, पोर उसाच्या पाचटावर निजलेले असते. एक दिवस आजारपणात गेला की त्याला खाडा म्हणतात आणि त्याचे पैसे उचलीतून वळते होतात. बैलालाही सुट्टी नाही. हंगाम संपेपर्यंत त्यांच्या आठवड्याला सातवा दिवस नसतो. आमच्या वाचनबैठकीत एका शेतकऱ्याने विचारले, "सहा दिवस खरे का खोटे ते राहू द्या, माझ्या फडातल्या माणसाला सातवा मी देतो का?" या पुस्तकातले एक अख्खे प्रकरण त्या प्रश्नावर आहे आणि माझ्या दृष्टीने ते सर्वांत चांगले आहे.

अक्षरशः वाचणाऱ्यांची एक भीती मात्र मी हलकी समजत नाही. पहिले पान प्रतीक म्हटले तर शेवटचेही म्हणतील; आदाम गेला तर पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आदामाशेजारी ख्रिस्ताला उभे केले आहे त्याचे काय; आज सहा दिवस, उद्या पुनरुत्थान. माझे उत्तर असे, की शास्त्र हे एका पुस्तकाचे नाव नाही, ते अनेक प्रकारच्या लिखाणांचे कपाट आहे. लूक सुरुवातीलाच सांगतो की आपण साक्षीदारांकडून चौकशी करून क्रमवार लिहीत आहोत. त्याला घटनेचा प्रश्न विचारणे रास्त आहे. स्तोत्रकर्ता नद्यांना टाळ्या वाजवायला लावतो. त्याला तो प्रश्न विचारत नाहीत. आदामाबद्दल आमच्यात एकमत झाले नाही. तो एक माणूस होता असे काहींना वाटते, तो आपण सगळे आहोत असे काहींना. कॅथलिक मंडळीत पोप बाराव्या पायसने १९५० मध्ये मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला वाट मोकळी ठेवली, पण आदामाच्या प्रश्नावर सावध राहायला सांगितले. ती सावधगिरी मला समजते.

शब्दशः वाचनाची एक किंमत बायकांनी मोजली आहे आणि ती इथे नोंदवतो. लग्नाच्या उपासनेत बरगडीचा उतारा वाचतात, नवरा सत्ता चालवील हा तिसऱ्या अध्यायातला शापही आज्ञेसारखा सांगतात, आणि पहिल्या अध्यायातली दोघांची सारखी प्रतिमा तेवढी राहून जाते. आमच्या बैठकीतल्या दोघी परिचारिकांनी यावरचे प्रकरण हट्टाने लिहून घेतले.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडेसे. प्रत्येक प्रकरणाच्या आधी शास्त्रपाठाचे संदर्भ दिले आहेत. आमचे विवेचन वाचण्याआधी तो पाठ एकदा मोठ्याने वाचावा. शक्य असेल त्यांनी नेहमीच्या आवृत्तीबरोबर पंडिता रमाबाईंचे भाषांतरही जवळ ठेवावे. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी ते काम केडगावला केले आणि १९२२ मध्ये मृत्यूच्या आधी पुरे केले. शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी शेवटी प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे मुद्दाम दिलेली नाहीत. बैठकीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांना पृथ्वी सहा दिवसांत झाली हेच मान्य आहे आणि सगळ्या चर्चेनंतरही त्यांचे मत बदललेले नाही. त्यांचा लेख त्यांच्याच शब्दांत, काटछाट न करता, सहाव्या प्रकरणानंतर छापला आहे. त्याखाली मी उत्तर जोडलेले नाही.